सान पेद्रोत खाट शोधताना : अतितलान सरोवराकाठी पहिल्यांदा हॉस्टेल निवडणाऱ्यांसाठी

ग्वातेमालाच्या डोंगराळ भागात, समुद्रसपाटीपासून साधारण 1,560 मीटरवर अतितलान नावाचं सरोवर आहे. त्याच्या काठावर तीन ज्वालामुखी उभे आहेत. त्यांतल्या 3,020 मीटर उंचीच्या सान पेद्रो ज्वालामुखीच्या पायथ्याशी त्याच नावाचं गाव वसलंय, सान पेद्रो ला लागुना. गावातले लोक त्झुतुहिल माया. घरात त्यांचीच भाषा चालते, बाहेरच्यांशी ते स्पॅनिश बोलतात. पाठीवर सॅक घेऊन मध्य अमेरिका फिरणारी मंडळी इथे दोन दिवसांसाठी येतात आणि महिनाभर राहतात, कारण स्पॅनिश शिकवणाऱ्या शाळा इथे भरपूर आहेत, एका शिक्षकासमोर एकच विद्यार्थी असतो आणि राहणं स्वस्त आहे.

मीही त्यासाठीच गेले आणि पाच आठवडे राहिले. पुण्यात बसून फोनवरच्या फोटोंवरून मी दहा दिवसांचं बुकिंग करून टाकलं होतं. फोटोत झोपाळा होता, सरोवर होतं, ज्वालामुखी होता. गेल्यावर तिन्ही गोष्टी जागच्या जागी सापडल्या. फोटोत न दिसलेली गोष्ट म्हणजे माझ्या खाटेच्या भिंतीपलीकडे दारूचा बार होता. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी नुसती चालत निघाले, सात-आठ ठिकाणी आत डोकावले आणि तासाभरात कमी पैशांत चांगली जागा मिळाली. आगाऊ भरलेले पैसे मात्र गेले.

म्हणून सगळ्यात आधी हे सांगते : घरबसल्या फक्त पहिली रात्र ठरवा. बाकीच्या रात्री गावात पोचून, स्वतःच्या डोळ्यांनी बघून ठरवा. याला अपवाद तीन. ईस्टरच्या आधीचा आठवडा, ज्याला तिथे सेमाना सांता म्हणतात. नाताळ ते नवं वर्ष. आणि 29 जूनच्या आसपासची सान पेद्रोची जत्रा. या दिवसांत खोल्या भरून जातात आणि दरही चढतात. तेव्हा मात्र आधीच नीट चौकशी करून बुकिंग करावं.

पहिली रात्र

ती कुठे काढायची हे तुम्ही गावात कसे येता यावर ठरतं. ग्वातेमालातल्याच आंतिग्वा शहराहून व्हॅन थेट सान पेद्रोपर्यंत येतात. दुसरा रस्ता म्हणजे सरोवराकाठच्याच पानाहाचेल गावात उतरून लांचा पकडायची. लांचा म्हणजे मोटर लावलेली लांबट होडी, इथली एसटीच म्हणा. परदेशी माणसाकडून साधारण 25 ते 30 केत्साल घेतात. एक केत्साल म्हणजे ढोबळमानाने अकरा रुपये. लांचा शक्यतो सकाळची घ्यावी. दुपारनंतर सरोवरावर शोकोमिल नावाचा वारा सुटतो, आपलं पाप वाहून नेणारा वारा असा त्या नावाचा अर्थ सांगतात. त्या वाऱ्यात होडी लाटांवर अशी आदळते की पुढे बसलेल्याचं कंबरडं मोडतं आणि सॅक भिजते ती वेगळीच.

गावाला दोन धक्के आहेत, एक पानाहाचेलच्या होड्यांचा आणि एक काठावरच्याच सांतियागो गावाच्या होड्यांचा. दोन्ही गावाच्या वेगवेगळ्या टोकांना. ज्या धक्क्यावर उतरणार त्याच्या जवळचं हॉस्टेल पहिल्या रात्रीसाठी घ्या. पोचायला उशीर झाला तर दार उघडायला कोण असेल, हे निघायच्या आधी मेसेज करून विचारा. छोट्या हॉस्टेलांत चोवीस तास माणूस बसलेला नसतो. धक्क्यावर पोरं भेटतात, ‘चला, चांगलं हॉस्टेल दाखवतो’ म्हणतात. ती वाईट नसतात, पण त्यांना हॉस्टेलकडून किंवा तुमच्याकडून चार पैसे हवे असतात आणि ते पैसे शेवटी खाटेच्या दरात मिसळतात. हसून नको म्हणायचं आणि चालायला लागायचं.

पहिल्या रात्रीपुरते ऑनलाइन अभिप्राय वाचायला हरकत नाही. पाच तारेवाले आणि एक तारावाले दोन्ही सोडून द्या, मधले वाचा. तुम्ही ज्या महिन्यात जाणार त्याच महिन्यातले शोधा. मे ते ऑक्टोबर पाऊस असतो. फेब्रुवारीत खूश होऊन गेलेल्या माणसाला छत गळतं की नाही हे कुठून कळणार?

गावाचा उतार समजून घ्या

सान पेद्रो डोंगराच्या उतरणीवर आहे. खाली सरोवरालगत, दोन धक्क्यांच्या मधल्या पट्ट्यात अरुंद बोळ आहेत. कॅफे, बार, भाषाशाळा आणि बहुतेक हॉस्टेलं तिथेच. वर चढून गेलं की खरं गाव लागतं : बाजार, चर्च, शाळा, लोकांची घरं. खाली राहिलात तर सरोवर जवळ आणि रात्री गोंगाट. वर राहिलात तर पहाटे चारला कोंबडे, वाढदिवस असेल त्या घरासमोर पहाटेच फटाक्यांची माळ, आणि संध्याकाळी प्रार्थनामंदिरांचे लाउडस्पीकर. संपूर्ण शांत अशी जागा या गावात नाही. कोणता आवाज आपल्याला चालतो एवढंच ठरवायचं असतं. मला कोंबडे चालतात. माझं आजोळ कोकणातलं, त्यामुळे वरचं गाव मला पहिल्या सकाळीच घरचं वाटलं.

चढ मात्र खरोखर अंगावर येतो. गुडघे कुरकुरत असतील तर नकाशावरचं ‘पाच मिनिटं’ मनावर घेऊ नका. वर जायला टुकटुक मिळतात, माणशी पाच-दहा केत्साल. पहिल्यांदा बसले तेव्हा समोर ‘बजाज’ ही अक्षरं दिसली. आकुर्डीच्या कंपनीची रिक्षा, ज्वालामुखीच्या पायथ्याशी. चालकाला मी माझं शहर आणि त्याच्या रिक्षाचं गाव एकच आहे असं सांगितलं, तर त्याने त्या दिवशी भाडं घेतलं नाही.

सकाळी दहा ते अकरा

खोल्या बघायची हीच वेळ. रात्रीचे लोक निघालेले असतात, चादरी उतरवलेल्या असतात, साफसफाई चालू असते. गादी उघडी दिसते, न्हाणीघर जसं आहे तसं दिसतं आणि किती खाटा मोकळ्या झाल्या हे तिथल्या बाईंना ठाऊक असतं. सॅक पहिल्या हॉस्टेलात ठेवून मोकळ्या हातांनी जा. पाठीवर ओझं असलं की माणूस पहिल्याच ठिकाणी ‘चालेल’ म्हणून मोकळा होतो.

आत शिरताना ‘ब्वेनोस दियास’ म्हणा. दुपारी बारानंतर ‘ब्वेनास तार्देस’. अभिवादनाशिवाय थेट भाव विचारणं तिथे उर्मटपणाचं समजतात. बाईंना ‘सेन्यो’ म्हणतात, आपण ताई म्हणतो तसं. मग विचारा, ‘प्वेदो वेर एल क्वार्तो?’ म्हणजे खोली बघू का. कोणी आढेवेढे घेतले तर ती जागा सोडून द्या. आभार मानताना ‘ग्रासियास’ पुरतं, पण ‘माल्त्योश’ म्हटलंत तर समोरचा चेहरा फुलतो, तो त्यांच्या त्झुतुहिल भाषेतला शब्द आहे.

पहिल्यांदा गादी. ढेकूण हा जगभरच्या हॉस्टेलांचा शत्रू आहे आणि आपल्याकडे तो कसा शोधायचा हे आज्यांना माहीत होतं. गादीची शिवण बोटांनी उलगडून बघा, कोपरे बघा, लाकडी पलंगाच्या फटींत फोनची बॅटरी मारा. काळे बारीक ठिपके किंवा तपकिरी डाग दिसले तर कितीही सुंदर जागा असू दे, निघा. ढेकूण सॅकमधून पुढच्या गावाला येतात आणि मग घरापर्यंत. यात भिडस्तपणा नको, बाईंसमोर बघितलं तरी चालतं.

मग वर बघा. पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाळ्यात रात्रभर ताशा वाजेल, आणि भिंतीवर ओल असेल तर कपडे वाळणार नाहीत. या सरोवराचं पाणी कोणत्याही नदीने बाहेर वाहून जात नाही. पातळी वर्षांगणिक वरखाली होते आणि काठावरच्या कितीतरी जुन्या जागा पाण्यात गेल्या आहेत. त्यामुळे अगदी पाण्याला लागून असलेल्या तळमजल्याच्या खोलीत शिरताच नाकाला काय सांगायचंय ते ऐका. बुरशीचा वास अत्तराने झाकलेला असला तरी कळतो.

डॉर्ममध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून झोपायच्या खोलीत, खालची खाट घ्यायची की वरची, हे रेल्वेत ठरवतो तसंच. फरक एवढाच की इथे वरच्या खाटेला कठडा असेलच असं नाही. खाटेजवळ प्लगची जागा आहे का बघा. ग्वातेमालात वीज 120 व्होल्टची आणि पिना दोन चपट्या, अमेरिकेसारख्या. फोनचा चार्जर 100 ते 240 व्होल्टवर चालतो, त्याला फक्त पिन बदलणारा अडॅप्टर लागतो. पण घरून नेलेली 230 व्होल्टची किटली तिथे जेमतेम पाव ताकदीने तापते, म्हणून ती नेऊ नका. लॉकर असेल तर कुलूप तुमचं लागतं. मधल्या आकाराचं एक कुलूप बरोबर ठेवा, फार जाड कडीचं कुलूप लॉकरच्या भोकात जात नाही.

रात्रीचं दार कसं उघडतं हे मी प्रत्येक ठिकाणी विचारते, आणि तुम्हीही न विसरता विचारा. बाहेरून यायला किल्ली मिळते का, हा एक भाग. दुसरा जास्त महत्त्वाचा : आतून किल्लीशिवाय बाहेर पडता येतं का? हा भूकंपाचा देश आहे. 1976 च्या भूकंपात इथे वीस हजारांहून जास्त माणसं गेली. खिडक्यांना गज, दाराला आतून कुलूप आणि किल्ली मालकाच्या खिशात अशी खोली मी कधीही घेणार नाही. एकट्या मुलींनी आणखी एक बघावं : बोळात दिवा आहे का. फक्त बायकांची डॉर्म असेल तर उत्तम, पण अंधाऱ्या बोळाच्या टोकाला असलेल्या बायकांच्या डॉर्मपेक्षा मला उजेडातली मिश्र डॉर्म बरी वाटली. रात्री एका गावाहून दुसऱ्या गावाला पायी जायचं नाही, आणि निर्जन पायवाटांवर दिवसाही वाटाड्याशिवाय नको.

पाणी

नळाचं पाणी पिऊ नका, दात घासायलाही शक्यतो नको. लोक गाराफोन वापरतात, म्हणजे आपल्या ऑफिसात असतो तसला पाण्याचा मोठा जार. चांगल्या हॉस्टेलात तो सामायिक जागेत ठेवलेला असतो आणि बाटली फुकट भरून घेता येते. हे नक्की विचारा, कारण रोज दोन बाटल्या विकत घेतल्या तर महिन्याच्या हिशोबात खाटेचा दर वाढल्यासारखाच आहे. शिवाय सान पेद्रोने 2016 मध्ये प्लास्टिकच्या पिशव्या, स्ट्रॉ आणि थर्माकोलच्या डब्यांवर बंदी घातली. बाजारात लोक टोपल्या आणि कापडी पिशव्या घेऊन येतात. त्या गावात रोज प्लास्टिकची बाटली फेकताना मला तरी लाज वाटली असती.

गरम पाणी बहुतेक ठिकाणी ‘आहे’ असंच सांगतात. ‘आय आग्वा कालियेंते?’ विचारा आणि नळ सोडून बघा. रात्री थंडी असते, त्यामुळे ही चैन नव्हे. बऱ्याच न्हाणीघरांत शॉवरच्या तोंडातच विजेचा हीटर असतो. त्याची युक्ती अशी की पाणी जितकं बारीक सोडाल तितकं गरम येतं. पूर्ण सोडलं की गार. ओल्या हाताने त्या शॉवरला किंवा त्याच्या वायरला हात लावू नका. उघड्या तारा दिसल्या तर तिथे आंघोळ करू नका, मग खोली कितीही स्वस्त असो. संडासात कागद टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा, कारण पाइप बारीक असतात.

सांडपाण्याबद्दलही विचारावं असं मला वाटतं. 2009 मध्ये या सरोवरावर सायनोबॅक्टेरिया या शेवाळासारख्या सूक्ष्मजीवांचा हिरवट थर पसरला होता. आजूबाजूच्या गावांचं मैलापाणी आणि शेतातली खतं पाण्यात उतरतात, आणि बाहेर जायला वाट नसल्याने तिथेच साठतात. स्वतःची सेप्टिक टाकी असलेलं, पाणी जपून वापरा असं सांगणारं हॉस्टेल मला दहा केत्सालने महाग असलं तरी चालतं.

स्वयंपाकघर

आपल्यातल्या शाकाहारी माणसाचं तिथलं राहणं स्वयंपाकघरावर ठरतं. ‘स्वयंपाकघर आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका, शेगडी पेटवून बघा. चारांपैकी किती बर्नर चालतात, सिलिंडर संपला तर कोण आणतं, एक तरी धड सुरी आहे का, फ्रीजमध्ये आपल्या नावाचा डबा ठेवायला जागा आहे का. मांस शिजवलेल्या तव्यावर चालत नसेल तर छोटं पातेलं बाजारातून घ्या, चार-पाच आठवड्यांसाठी ते परवडतं.

बाहेर खाताना एक शब्द लक्षात ठेवा : ‘मांतेका’. ऐकायला लोण्याच्या स्पॅनिश शब्दासारखा वाटतो, पण ग्वातेमालात तो बहुधा डुकराच्या चरबीसाठी वापरतात, आणि परतलेल्या काळ्या घेवड्यात ती असू शकते. ‘सिन मांतेका’ म्हणा. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, एवढंच म्हटलं तर समोरचा प्रामाणिकपणे कोंबडी वाढू शकतो, कारण कार्ने म्हणजे अनेकांच्या लेखी गाईचं मांस. ‘नी पोयो, नी रेस, नी सेर्दो’ अशी यादीच सांगावी.

पण भूक मारायची वेळ येत नाही. वरच्या बाजारात टोमॅटो, कांदा, लिंबू, कोथिंबीर, अवाकादो सगळं मिळतं. शेंगदाण्याला तिथे ‘मानिया’ म्हणतात, कूट करून कोशिंबिरीत घाला. कोबान भागातली ‘चिले कोबानेरो’ नावाची सुक्या मिरचीची पूड आपल्या तोंडाला पुरते. वेलदोडा जगात सगळ्यात जास्त याच देशातून निर्यात होतो, तरी रोजच्या स्वयंपाकात तो फारसा दिसत नाही. चहा-साखर जमवून मी हॉस्टेलात वेलदोड्याचा चहा केला, तर रिसेप्शनवरच्या मुलीने कप घेऊन रांग लावली. जेवायच्या वेळेला तोर्तिया थापणाऱ्या बायकांच्या दुकानांतून टाळ्यांसारखा आवाज येतो. चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ, दोन्ही तळव्यांमध्ये थापलेलं. एका केत्सालला तीन-चार गरम तोर्तिया मिळतात. भाकरी खाऊन वाढलेल्या माणसाला दुसरं काय हवं? एवढं मात्र ध्यानात असू द्या की या उंचीवर पाणी साधारण 95 अंशांनाच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय घेवडा शिजायला अर्धा दिवस जातो. मसूर घ्या, ‘लेंतेखास’ म्हणून मागा.

दर ठरवताना

डॉर्ममधली खाट साधारण 70 ते 150 केत्साल. सांगितलेला दर करांसह आहे का ते विचारा, ‘इम्प्वेस्तोस इन्क्लुईदोस?’ कारण राहण्याच्या बिलावर 12 टक्के मूल्यवर्धित कर आणि 10 टक्के पर्यटन कर लागतो, आणि काही ठिकाणी तो शेवटी वर चढवतात. कार्ड घेतलं तर बऱ्याचदा जास्तीचे पाच-दहा टक्के मागतात, म्हणून रोख जवळ ठेवा. आठवड्यापेक्षा जास्त राहणार असाल तर ‘पोर सेमाना’ दर विचारा, तो जवळपास नेहमीच कमी असतो. घासाघीस इथवरच. चार केत्सालसाठी एखाद्या कुटुंबाशी हुज्जत घालू नका, त्या पैशांत त्यांच्या पोराची वही येते.

आणि आठवड्याचा दर ठरला तरी पहिल्या दिवशी दोनच रात्रींचे पैसे द्या. शनिवारची रात्र त्या खोलीत काढून बघा. शनिवार शांत गेला तर उरलेले पैसे रविवारी सकाळी द्या आणि पावती घ्या. पासपोर्ट कुणाकडे ठेवायला देऊ नका, नंबर लिहून घेऊ द्या आणि झेरॉक्स द्या.

घरी फोन करायची वेळही याच वेळी बघून ठेवा. भारत तिथून साडेअकरा तास पुढे आहे. रात्री साडेआठला केलेला फोन आईला सकाळी आठला लागतो, नेमका तिचा चहा चालू असताना. त्याच वेळी हॉस्टेलातले सगळे वायफायवर असतात, तेव्हा खोली बघताना नव्हे तर रात्री साडेआठला एकदा व्हिडिओ कॉल करून बघा. अडकत असेल तर दोनच रात्रींचे पैसे दिलेले आहेत, सोमवारी पुन्हा दहा वाजता बाहेर पडा.